तोंडात बघायला कुणीतरी ठेवा : आरोग्य खात्याला एका माजी कंडक्टरचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : उपजिल्हा रुग्णालयातली बंद केलेली कान-नाक-घसा ओपीडी आणि तोंडाच्या कॅन्सरचं उशिरा होणारं निदान

मंत्रिमहोदय,

हे मी आधी फोनवर सांगून पाहिलं. तक्रारीच्या हेल्पलाइनला तीनदा फोन लावला. पहिल्यांदा पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सर, आवाज क्लिअर येत नाहीये.’ दुसऱ्यांदा म्हणाली, ‘रेंजमध्ये येऊन बोला.’ तिसऱ्यांदा फोन कट झाला. रेंज चांगली होती. माझा उजवा जबडा नाही, गालाच्या आत छातीचं मांस बसवलेलं आहे आणि जीभ एका अंगाला बांधल्यासारखी झाली आहे. घरच्यांना माझं बोलणं कळतं, अनोळखी माणसाला कळत नाही. चोवीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. खचाखच भरलेल्या गाडीत ‘मागं सरका’ म्हटलं की शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. आता लिहूनच बोलता येतं, म्हणून लिहितोय. आणि उघड लिहितोय, कारण ऑनलाइन पोर्टलवर केलेली तक्रार सात दिवसांत ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद झाली. काय निराकरण झालं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

घडलं ते असं. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, वय बावीस, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. एक दिवस मला म्हणाला, ‘काका, तिखट खाल्लं की तोंडाची आग आग होते. पाणीपुरी तर तोंडात जातच नाही.’ ही दोन वाक्यं मी ओळखतो. मी त्याला म्हटलं, तुझी तीन बोटं एकावर एक उभी धर आणि दातांच्या मधून आत घाल. चांगल्या माणसाची तिन्ही जातात. त्याचं एक गेलं, दुसरं अडकलं. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर गाल आतून पांढराफटक, मागे दाढेजवळ एक लालसर चट्टा. मी डॉक्टर नाही. पण असा गाल मी आरशात पाहिला आहे.

उपजिल्हा रुग्णालयात बुधवारी कान-नाक-घशाचे डॉक्टर असतात, म्हणून बुधवारी त्याला घेऊन गेलो. दारावर कागद चिकटवला होता : ‘कान, नाक व घसा तज्ज्ञ प्रतिनियुक्तीवर गेल्याने सदर ओपीडी पुढील आदेशापर्यंत बंद राहील.’ खाली तारीख नव्हती, सही होती पण वाचता येत नव्हती. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, तर ‘जिल्ह्याला जा’ म्हणाले. पोरगा मला म्हणतो, ‘काका, एक दिवसाचा खाडा केला, तो हा कागद वाचायला?’

त्या दारासमोर आम्ही दोघंच नव्हतो. एक बाई होती, कडेवर चार-पाच वर्षांचं लेकरू, त्याच्या कानातून पाणी येत होतं आणि वास मारत होता. एक शाळेच्या मॅडम होत्या, गळ्यावर पुढच्या बाजूला गाठ, गिळताना वर-खाली होणारी. एक म्हातारे होते, त्यांचा आवाज बसून दोन महिने झाले होते आणि मुलगा त्यांना खडीसाखर चघळायला देत होता. यातलं कुणीही तंबाखू खाणारं असेल-नसेल. वास मारणारा कान कधी कधी हाड पोखरत मेंदूपर्यंत जातो. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर स्वरयंत्रात नळी घालून बघावं लागतं. थायरॉइडची गाठ बहुतेक वेळा साधी निघते, पण साधी आहे हे सोनोग्राफी करून, गरज पडली तर सुईनं पाणी काढून बघितल्यावरच म्हणता येतं. हे सगळं मला कुठून माहीत? वर्षभर अशा बाकांवर बसलो, शेजारच्यांच्या फायली वाचल्या. गळ्याच्या वरचं आणि गालाच्या आतलं सगळं दुखणं ज्या एका माणसाकडे जातं, त्याच्याच दारावर तुम्ही कागद चिकटवला आहे.

आता माझं सांगतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये खालच्या दाढेजवळ छाला आला. तोंड त्याच्या आधी दोन-तीन वर्षं कमी कमी उघडत होतं, पण ते इतकं हळू होतं की लक्षात येत नाही. जांभई पूर्ण येईना, भाकरीचा घास लहान करावा लागायचा, एवढंच. छाल्यासाठी ग्रामीण रुग्णालयात गेलो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं मलम मिळालं. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, डॉक्टर वेगळे, गोळ्या त्याच. तिसऱ्या वेळी अँटिबायोटिक. तिन्ही वेळा मी खुर्चीवर, डॉक्टर टेबलामागे. कुणी उठून टॉर्च लावला नाही. त्यांचा राग मला येत नाही. बाहेर दीडशे माणसं उभी होती आणि डॉक्टर एकच.

दिवाळीनंतर दाढ हलायला लागली. गावातल्या एका खासगी दवाखान्यात जाऊन ती काढून घेतली. जखम भरलीच नाही. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाढ हलत होती ती किडल्यामुळे नाही, खाली हाड पोखरलं होतं म्हणून. छाल्याशेजारची दाढ आपोआप हलू लागली तर आधी तुकडा तपासायचा असतो, मग दाढेला हात लावायचा. फेब्रुवारीत जबड्याखाली गाठ हाताला लागली. सुपारीएवढी. सुपारीचीच आठवण यावी, हाही एक विनोदच.

मग जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. कान-नाक-घशाची ओपीडी मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्या शुक्रवारी डॉक्टर दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराला. मंगळवारी ऑपरेशनचा दिवस बदलून आला. त्यानंतरच्या शुक्रवारी भेटले. त्यांनी मात्र पहिल्या मिनिटात आरसा लावून बघितलं, गळ्यावरून दोन्ही हात फिरवले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं. त्याच दिवशी सुई देऊन तुकडा काढला. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांना सहा महिने लागले होते.

तुकडा तपासायला दुसरीकडे पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत तेवीस दिवस गेले, आणि ते तेवीस दिवस मी ड्यूटी केली. रोज संध्याकाळी गाडी जमा केली की रुग्णालयात जाऊन खिडकीवर विचारायचो. रिपोर्ट आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, कॅन्सर आहे. पण नागपूरला गेल्यावर तुकड्याची काचेवरची स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ठोकळा मागतात. ते आणायला पुन्हा एक अर्ज आणि नऊ दिवस. सीटी स्कॅनची तारीख, जन आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी, ऑपरेशनची रांग. जुलै २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. पहिल्या छाल्यापासून अकरा महिने. तोवर आजार चौथ्या टप्प्यात गेला होता.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार आहे. दहा तास उभे होते. उजवा अर्धा जबडा काढला, गळ्यातल्या गाठी काढल्या, छातीचं मांस कातडीसकट फिरवून वर आणलं आणि गालात शिवलं. श्वासासाठी गळ्याला भोक, जेवणासाठी नाकात नळी. पुरुषाच्या छातीचं कातडं तोंडात बसवलं की तोंडात केस उगवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेक सुरू झाल्यावर ते गेले. शेक म्हणजे रेडिएशन, आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे, तीस बैठका. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा नवव्या आठवड्यात सुरू झाला. मशीन एक, रांग मोठी, आणि शेकाआधी खराब दात काढून घ्यायला हवेत, तर दातवाल्यांची तारीख वेगळीच. शेक झालेल्या हाडात नंतर दात काढला तर हाड सडतं, म्हणून आधी काढायचे. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली असती तर ऑपरेशनची वाट बघता बघता दात काढून झाले असते.

आता लाळ जवळजवळ नाही. पाण्याची बाटली सतत जवळ. ज्वारीची आंबील, मऊ खिचडी, दूधपोळी मिक्सरमधून. बायकोनं घरात मिरचीची फोडणी देणं बंद केलं आहे, मला ठसका लागतो म्हणून. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हलकं काम द्यायला तयार होते, पण लाळ गळते तेव्हा समोर बसलेला माणूस दुसरीकडे बघतो. ते रोज नको वाटलं.

आता तुमच्या मनात जे येईल ते मीच म्हणतो. खर्रा मीच खाल्ला. वीस वर्षं. डेपोच्या गेटसमोर पानठेला होता, पहाटेच्या गाडीआधी एक पन्नी, मुक्कामी गाडीवर दोन. झोप येत नाही, भूक मरते, आणि ड्रायव्हरसोबत अर्धा अर्धा वाटून घेतला की दोस्ती टिकते. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून तयार. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. मला ते २०२३ मध्ये कळलं. आपल्या राज्यानं २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी आणली. आमच्याकडे गुटख्याची पुडी काउंटरखाली गेली आणि खर्रा काउंटरवरच राहिला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू खात होते. म्हणजे चारात जवळजवळ एक. मोठ्या गाडीत दहा-अकरा सीट. इतक्या माणसांना ‘व्यसन केलं, भोगा’ म्हणायचं असेल तर तसं लिहून दारावर लावा. पण मग घरोघरी कॅन्सरच्या तपासणीचा कार्यक्रम कशाला चालवता?

त्या कार्यक्रमाचंच सांगतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. आशाताईंकडे एक फॉर्म असतो. त्यात नेमके प्रश्न आहेत : तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात दोन आठवड्यांत बरा न झालेला व्रण किंवा चट्टा आहे का, आवाजात बदल झाला आहे का. फॉर्म ज्यानं केला त्याला अक्कल होती. माझा फॉर्मही भरलेला आहे. मी ड्यूटीवर होतो, आशाताई दारात उभ्या होत्या, बायको चुलीपाशी होती. तिनं आतूनच ‘नाही, नाही, नाही’ म्हटलं आणि तिन्ही खणांत ‘नाही’ पडलं. त्या वेळी माझं तोंड दोन बोटांवर आलेलं होतं. आशाताईंना दोष देऊ नका. एका दिवसात किती घरं आणि एका फॉर्मचे किती पैसे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि समजा तिनं ‘होय’ लिहिलं असतं, तर मला पाठवलं कुठे असतं? त्या कागद चिकटवलेल्या दाराकडेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी सांगते की देशात तीस ते एकोणपन्नास वयातल्या पुरुषांपैकी १.२ टक्के आणि बायांपैकी ०.९ टक्के लोकांची तोंडाच्या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झाली होती. कधीतरी, म्हणजे आयुष्यात एकदा. बाकीच्यांच्या तोंडात कुणी बघितलंच नाही. आणि हा काही पोटातला, छातीतला, लपून बसणारा आजार नाही. दरवाजा आपणच उघडतो. यंत्र लागत नाही, एक टॉर्च आणि हातमोजा लागतो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून नेमकं हेच करून बघितलं. डॉक्टर नसलेल्या साध्या पदवीधरांना शिकवलं, घरोघरी पाठवलं, उजेडात तोंड तपासायला लावलं, संशय आला त्याला पुढे पाठवलं. जवळपास एक लाख नव्वद हजार लोक या अभ्यासात होते. निष्कर्ष २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ज्यांना आपण ‘भोगा’ म्हणतो, त्यांच्यातच सगळ्यात जास्त जीव वाचले. आणि आपल्याच परळच्या टाटा रुग्णालयानं २०१५ मध्ये जगाला दाखवलं की सुरुवातीच्या टप्प्यात, गळ्यात गाठ हाताला लागत नसतानाही, पहिल्याच ऑपरेशनमध्ये गळ्यातल्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ८० जगतात; गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५. उपचार कसा करायचा हे जगाला आपण शिकवतो. पण तो फायदा मिळायला माणूस सुरुवातीच्या टप्प्यात परळला किंवा नागपूरला पोचायला हवा, आणि त्याला पोचवणारा पहिला माणूस तालुक्याला बसतो. बसत होता.

प्रतिनियुक्ती या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. एस.टी.ची अवस्था तुम्ही जाणता. गाड्या जुन्या, पगार उशिरा. तरी आमच्याकडे कंडक्टर आला नाही म्हणून शेड्यूल ‘पुढील आदेशापर्यंत बंद’ असं होत नाही. बदली कंडक्टर असतो. तोही नसेल तर कंट्रोलर सुट्टीवरच्या कुणाला तरी घरून उठवतो. मलाच कितीदा उठवलं आहे. गाडी रस्त्यात फेल झाली तर प्रवाशांना त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवतो, ‘दुसरं तिकीट काढा’ म्हणत नाही. तुमच्याकडे डॉक्टर दुसरीकडे गेला की रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून केसपेपर काढावा लागतो, आणि बदली डॉक्टर ही कल्पनाच नाही. जिथे त्यांना पाठवलं तिथेही गरज असेल, नाही म्हणत नाही. पण एका खड्ड्यातली माती काढून दुसरा बुजवला, तर पहिल्या खड्ड्यात कोण पडतं ते तरी मोजा.

आणखी एक. तुकडा तालुक्याचा, तपासणार मेडिकल कॉलेज, कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं, रुग्णालय तुमच्या खात्याचं. ही दोन खाती आहेत हे मला खिडकीवर उभं राहून कळलं. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य मी दोन्हीकडे ऐकलं. मला एकच तोंड आहे, तेही आता अर्धं. ते दोन खात्यांत वाटता येत नाही.

काही चांगलंही झालं आहे, ते लिहिलं नाही तर खोटेपणा होईल. जन आरोग्य योजनेतून माझं ऑपरेशन आणि शेक झाला, नाही तर शेत गेलं असतं. योजनेचं कवच तुम्ही दीड लाखावरून पाच लाखांवर नेलंत. कॅन्सरच्या रुग्णाला एस.टी.च्या तिकिटात सवलत आहे. ते तिकीट मी स्वतः कितीतरी जणांना काढून दिलं, कधी वाटलं नव्हतं की एक दिवस खिशातून दाखला मीच काढीन. पण पैशांची ही सगळी सोय निदान झाल्यानंतरची आहे. चौथ्या टप्प्यात पाच लाख द्यायला सरकार तयार आहे आणि पहिल्या टप्प्यात बुधवारी एक डॉक्टर बसवायला तयार नाही, हा हिशेब मला लागत नाही, आणि मी रोज रात्री पै-पैचा हिशेब जुळवून झोपणारा माणूस होतो.

म्हणून मागतो ते साधं आहे.

बुधवारची ओपीडी सुरू करा. कायमचा तज्ज्ञ मिळेपर्यंत जिल्ह्यातून कुणीतरी आठवड्यातून एकदा पाठवा, आणि तो येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. दारावरच्या कागदावर तारीख असू द्या, पर्यायी जागा असू द्या, आणि तिथे गेल्यावर पहिला केसपेपर चालेल असं लिहा. राज्यातल्या प्रत्येक उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाची किती पदं मंजूर, किती भरलेली आणि किती प्रतिनियुक्तीवर, हे त्या त्या रुग्णालयाच्या फलकावर लावा. आमच्या बसस्टँडवर प्रत्येक फेरीची वेळ भिंतीवर रंगवलेली असते. लाज वाटावी असं त्यात काही नाही.

दातांच्या डॉक्टरांचा उपयोग करून घ्या. पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत ते आहेत, त्यांच्याकडे खुर्ची आहे, दिवा आहे, आरसा आहे, आणि तोंडातला तुकडा काढणं त्यांना शिकवलेलं असतं. दोन आठवड्यांपेक्षा जुना छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटं न जाणारं तोंड असा रुग्ण ओपीडीत आला की मलम न लिहिता आधी त्यांच्या खुर्चीत बसवावा, एवढा एक लेखी आदेश काढा. यासाठी नवीन पद लागत नाही, नवीन इमारत लागत नाही. माझ्या बाबतीत ती खुर्ची माझ्यापासून दोन खोल्या सोडून होती. मी तीनदा तिच्यावरून गेलो.

आशाताईंच्या फॉर्मला तोंड बघितल्याशिवाय पूर्ण समजू नका. तोंड बघण्याचं शिक्षण द्या, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि ‘होय’ लिहिलेल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं हे नोंदवा. किती फॉर्म भरले हा आकडा मला नको. किती तोंडं बघितली तो सांगा.

तुकड्याचा रिपोर्ट दहा दिवसांत मिळावा, तोही रुग्णाच्या मोबाइलवर, आणि कॅन्सर निघाला तर स्लाइड आणि ठोकळा रिपोर्टसोबतच मिळावा. दोन खात्यांनी बसून हे एकदा ठरवावं. चहा मी पाजतो.

शेवटचं माझ्यासारख्यांसाठी, जे वाचले त्यांच्यासाठी. ऑपरेशननंतर जबडा उघडण्याचे व्यायाम असतात, दातांत लाकडी पट्ट्या एकेक करून वाढवत जायच्या असतात. ते शिकवणारं माझ्या जिल्ह्यात कुणी नाही. मी आईस्क्रीमच्या काड्या रबरानं बांधून करतो. बोलणं शिकवणारे तज्ज्ञही असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या केंद्रात वाचा-उपचार करणारी एक ताई आहे. मी गेलो तर म्हणाली, ‘काका, माझ्याकडे अठरा वर्षांपर्यंतचेच घेता येतात.’ तरी तिनं मला बाहेरच्या बाकावर पंधरा मिनिटं ‘प’ आणि ‘ब’ म्हणायला लावलं. तिला आठवड्यातला अर्धा दिवस मोठ्यांसाठी द्या. बोलणं सुधारलं तर तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलीचाही त्रास वाचेल.

पोराचं काय झालं, तेही सांगून ठेवतो. त्याला मी दुसऱ्याच आठवड्यात नागपूरला नेलं. जाताना पानठेल्यासमोरून गाडी गेली तेव्हा त्यानं तिकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. तिथे तुकडा काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला लागल्या आहेत असं आलं. चट्टा काढून टाकला, टाके चार, दुसऱ्या दिवशी घरी. खर्रा सोडायला सांगितला आहे. सोडला की नाही हे त्याच्या दातांवरून मी दर रविवारी बघतो. त्याच्यासोबत जायला मी होतो, रिकामा होतो, आणि रस्ता मला पाठ होता. त्या दारासमोरच्या म्हाताऱ्या बाबांसोबत त्यांचा मुलगा आहे, त्याच्याकडे खडीसाखर आहे. त्यांचा आवाज अजून बसलेलाच आहे. परवा बाजारात भेटले, खुणेनंच ‘काय?’ विचारलं, मीही खुणेनंच ‘काही नाही’ म्हटलं.

या पत्राची एक प्रत स्पीड पोस्टानं आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. येत्या बुधवारी सकाळी साडेनऊला मी बाबांना घेऊन पुन्हा त्या दाराशी जाणार आहे. कागद तसाच असेल तर त्याचा फोटो काढून या पत्राखाली लावीन. नसेल तर आत जाऊन बसू, आधी बाबा, मग मी. मलाही सहा महिन्यांची तपासणी करून घ्यायची आहे.

आपला,
एक माजी कंडक्टर
वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावाहून